डोंगर काय पळून जातोय?

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले, त्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि चांदीचा गणपती दिला. मुलाने कॅमेरा दिला. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, गणपती देव्हाऱ्यात बसला. कॅमेरा आमच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसला.

तोवर अण्णा अगदी निरुपद्रवी होते. (साडूंना आमच्याकडे सगळे अण्णाच म्हणतात.) ३६ वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण कधी कुणाला चुकून एक रुपया जास्त गेला नाही. त्याच माणसाने पहिल्या आठवड्यात बाल्कनीतल्या जास्वंदीचे १८० फोटो काढले आणि त्यातले ४० घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. झाड एकच, फूलही एकच. खाली लिहिलं होतं, ‘फरक बघा.’ आम्ही बघितला. सातव्या फोटोत मुंगी होती.

हौसेला मोल नाही म्हणतात, ते खोटं आहे. हौसेला मोल असतं, शिवाय हप्ता असतो. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स फुकट येते तिला किट लेन्स म्हणतात. लग्नात आलेल्या लेमन सेटसारखी तिची गत असते. घरात असते, पण चारचौघांत कुणी तिचं नाव काढत नाही. मग एक लांबलचक टेली लेन्स आली. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, तिची किंमत सांगताना अण्णांनी शेवटचं शून्य फ्रेमच्या बाहेर ठेवलं. यालाच क्रॉप करणं म्हणतात, हे मला पुढे कळलं.

लेन्सपाठोपाठ भाषा आली. दिवाळीत अण्णांनी एका पणतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बोके किती सुंदर आलेत बघा!’ आमच्या सासूबाईंनी चष्मा पुसला, फोटो बोटांनी ताणून तीनदा मोठा केला आणि शेवटी फोन लावला.

“जावईबापू, पणती दिसतेय. मागे दिव्यांच्या माळेचे गोळे गोळे दिसताहेत. पण बोके कुठायत?”

“आई, ते गोळे म्हणजेच बोके. मूळ जपानी शब्द आहे. मागचं सगळं धूसर करायचं, म्हणजे पुढचं उठून दिसतं.”

“म्हणजे नीट दिसत नाही, तेच चांगलं?”

“तसंच काहीसं.”

“मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कशाला केलंत?”

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नाही.

गेल्या जानेवारीत अण्णा मला भिगवणला घेऊन गेले. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत फ्लेमिंगो येतात, ज्यांना आपण रोहित म्हणतो. ते पाहायला पुण्याहून पहाटे चारला निघायचं असतं, कारण सकाळचा उजेड मऊ असतो. मऊ उजेड ही फोटोग्राफर लोकांची भाकरी आहे. तो संपायच्या आत खावी लागते, मागाहून कडक होते.

कुंभारगावच्या काठावर उतरलो, तर तिथे दहा-बाराजण आधीच हजर. सगळ्यांच्या अंगात हिरव्या-तपकिरी पानांचे ठिपके असलेली जॅकेटं. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून ही वेशभूषा असते म्हणे. वर आकाश निळं, खाली पाणी निळं, होडीला भडक रंग आणि तिच्यात बसलेली ही बारा झुडपं. पक्ष्यांनी काय समजायचं? तळ्यात बाग निघाली सहलीला?

नावाडी मूळचा मासेमारी करणारा, पण पक्ष्यांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ. कॅमेऱ्याचंही त्याला अण्णांपेक्षा जास्त कळत होतं. “सायेब, शटर वाढवा, आता उडनार बगा,” असं तो म्हणायचा आणि पक्षी खरंच उडायचा. अण्णांचं शटर तेव्हा कमी करून ठेवलेलं असायचं. मधेच त्याने बोट दाखवलं, “रडी शेलडक!” म्हणजे आपला चक्रवाक. रात्री जोडीदारापासून ताटातूट होते आणि तो रात्रभर विलाप करतो, ही जुन्या कवींची लाडकी समजूत. एवढं रडणाऱ्या पक्ष्याला रडी हे नाव मला फारच समर्पक वाटलं आणि मी तसं बोललोही. होडीतल्या बारा झुडपांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. रडी हा इंग्रजी शब्द असून त्याचा अर्थ तांबूस असा होतो, हे अण्णांनी मला हळू आवाजात सांगितलं. ताई तेवढ्या खुदकन हसल्या.

ताईसुद्धा होत्या बरं का होडीत. सांगायचं राहिलं, कारण ताई असतातच. त्यांच्या एका हातात ट्रायपॉड होता, दुसऱ्या हातात लेन्सचं झाकण. खांद्यावर बॅग, मांडीवर थर्मास, आणि पर्समध्ये अण्णांच्या रक्तदाबाची गोळी. फ्लेमिंगो उडेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम होता. फ्लेमिंगोंना मात्र कसलीच घाई नव्हती. डोकं उलटं करून, चोच चिखलात घालून ते तास-दीड तास खात राहिले. आम्ही उपाशी.

शेवटी ते उडाले आणि अण्णांच्या कॅमेऱ्याने मशीनगन सोडली. इथे थोडा इतिहास आठवतो. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. अण्णांचा कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढतो. म्हणजे सॅसनसाहेबांच्या एका फोटोच्या वेळात अण्णांचे ४६० होतात. प्रगती झाली आहे, यात वाद नाही. पण ते ४६० बघायला माणसं तेवढीच उरली आहेत. सॅसनसाहेबांच्या वेळी होती तशी, दोन डोळ्यांची.

परतताना नावाडी म्हणाला, “म्याडम, तुमचा दोगांचा काडू का एक?” अण्णा म्हणाले, “नको रे, लाईट हार्श झालाय आता.” नावाडी म्हणाला, “आसू द्या की!” ताईंनी स्वतःचा मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने एक फोटो काढला आणि मोबाईल परत केला. कुणी तो पाहिलाही नाही, कारण काठावर गरमागरम चिलापी तळलेली तयार होती. तिच्याही ताटाचे आधी नऊ फोटो निघाले. मग आम्ही गार चिलापी खाल्ली.

त्या रात्री ग्रुपवर ६५ फ्लेमिंगो उतरले. इथे मला एका व्यवहाराबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की लोक फोटो आवडला म्हणून दाद देतात. तसं काही नसतं. ऑनलाईन दाद हा आहेर आहे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना? कुणी किती दिले ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की पाहून तेवढंच परत करायचं. अण्णांच्या फोटोग्राफर मित्रांत तीच वही चालते, फक्त ती डोक्यात असते. नुसता अंगठा म्हणजे अकरा रुपयांचं पाकीट. ‘मस्त क्लिक’ म्हणजे एकवीस. ‘अप्रतिम टिपलंय!’ म्हणजे एकशे एक. ‘अण्णा, आता प्रदर्शन भरवाच’ म्हणजे थेट चांदीची वाटी. आणि जो नुसतंच विचारतो, ‘कॅमेरा कोणता?’ तो म्हणजे आहेर न देता जेवून जाणारा पाहुणा. त्याला पुढच्या कार्याचं आमंत्रण नसतं.

फोटो उघडण्याची मात्र कुणावरही सक्ती नाही. मी स्वतः ‘अप्रतिम टिपलंय’ लिहून मग उघडलेला एक फोटो अण्णांच्या पाणीपट्टीच्या पावतीचा निघाला. ती चुकून आली होती. माझ्या आधी चौघांनी तिला अंगठा दिला होता.

कोजागिरीला तर कहर असतो. गच्चीवर दूध आटतं, त्यात चंद्राचं प्रतिबिंब पडायचं असतं, आणि अण्णा ट्रायपॉड लावून वरचा अस्सल चंद्र पकडत असतात. चंद्र पृथ्वीला कायम आपली एकच बाजू दाखवतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गच्चीवरून कुणीही फोटो काढला, तरी पुनवेच्या चंद्रावरचे डाग तेच. मग माझा चंद्र आणि तुझा चंद्र वेगळा ओळखायचा कसा? म्हणून अण्णा चंद्राच्या बरोबर मधोमध स्वतःची सही टाकतात. नासाने इतका खर्च करून तिथे झेंडा रोवला. अण्णांनी ते काम सदाशिव पेठेतून केलं.

अण्णांना हसतो आहे खरा, पण या वेडाची परंपरा आपल्याकडे थोर आहे. मध्यंतरी ते बाल्कनीत कॅमेरा रोखून मोगऱ्याची कळी उमलताना टिपत होते. ठरावीक वेळाने एक फोटो काढायचा आणि मग सगळे जोडून भराभर दाखवायचे. हे आमच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच करून ठेवलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं, सावकाराला खात्री पटत नव्हती. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची रोजची वाढ कॅमेऱ्यात पकडली आणि ‘अंकुराची वाढ’ नावाचा छोटा चित्रपट करून दाखवला. पैसे उभे राहिले. अण्णांचा मोगरा पाहून त्यांच्या मुलाने पैसे पाठवायचे बंद केले, हा एवढाच फरक.

फाळक्यांचं नाव घेतलं की मला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. त्यांनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली आणि उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. उजेड धरणारी व्यक्ती चित्रात येत नाही, हा या कलेचा अगदी आरंभापासूनचा नियम दिसतो.

माझ्या वडिलांचा नियम वेगळा होता. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बारा. गणपतीत तीन, कुणाच्या मुंजीत चार, उन्हाळ्यात सहल निघाली तर तीन. उरलेले दोन संपवल्याशिवाय रोल धुवायला टाकता येत नसे, म्हणून ते शेजाऱ्यांच्या नव्या, हार घातलेल्या स्कूटरवर खर्च व्हायचे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्टुडिओतून पाकीट यायचं आणि त्यात कुणाचे तरी डोळे मिटलेले असायचे. ज्याचे डोळे मिटले, त्याला त्या वर्षी घरात मान खाली घालून वावरावं लागे.

महाबळेश्वरला एकदा मी समोरची दरी दाखवून म्हटलं, “बाबा, याचा काढा ना!” वडिलांनी कॅमेरा खाली घेतला. “डोंगराचा कसला फोटो? डोंगर काय पळून जातोय? पुढं माणसं उभी कर.” मग आई, आत्या, काका आणि आम्ही पोरं रांगेत उभी राहिलो. दरी दिसेनाशी झाली. आमच्या घरच्या अल्बममध्ये वेरूळचं कैलास लेणं आहे, पण आत्याच्या खांद्यावरून दिसतं तेवढंच. गेटवे ऑफ इंडिया काकांच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला आहे. काळ्या जाड कागदावर कोपऱ्यांत खोचलेल्या त्या फोटोंवरून पाहुण्याला ठिकाण ओळखता येत नाही. माणूस मात्र ओळखता येतो.

आता नेमकं उलट झालं आहे. हल्ली फोटोतून आधी माणसं हाकलतात. कासच्या पठारावर सप्टेंबरात जाऊन पाहा. पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत २०१२ साली त्याचं नाव लागलं आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या टेली लेन्स तिकडे वळल्या. तिथली सीतेची आसवं म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुलं. त्यांचे फोटो काढायला पालथं पडावं लागतं. त्यामुळे कासला फुलांआधी दिसतात ते बुटांचे तळवे. त्या तळव्यांच्या पलीकडून आवाज येतो, “ओ काकू, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय!” काकू बिचाऱ्या साताऱ्याहून फुलं बघायला आलेल्या असतात. त्या बाजूला होतात आणि दुसऱ्याच्या फ्रेममध्ये जातात.

आणि हे करून तरी डोळे भरून बघणं होतं का? पावसाळ्याच्या शेवटी अण्णा मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेले. कोकणकड्यावर त्यांच्या नशिबाने इंद्रवज्र दिसलं. दरीत ढग भरलेले, पाठीशी सूर्य, आणि समोर ढगावर आपली सावली, तिच्याभोवती सप्तरंगी गोल कडं. वर्षानुवर्षं चकरा मारूनही लोकांना हे दिसत नाही. अण्णा परत आल्यावर मी अधीरपणे विचारलं, “कसं होतं?”

“बघितलं नाही,” अण्णा म्हणाले. “कार्ड भरलं होतं. बदलेपर्यंत गेलं.”

याच कड्यावर कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही हे कडं पाहिलं होतं. त्याचं वर्णन १८३५ साली छापूनही आलं. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. त्यामुळे साईक्सचा नाइलाज होता, त्याला ते नुसतं बघावं लागलं. या इंद्रवज्राची आणखी एक गंमत आहे. दहा जण ओळीने उभे असले, तरी ते कडं प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. ऑनलाईन फोटो टाकणाऱ्यांनी हे बोधचिन्ह म्हणून घ्यायला हरकत नाही.

तर आता मूळ मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात अण्णा आणि ताईंच्या लग्नाला ४० वर्षं झाली. मुलाने छोटासा हॉल घेतला, पडदा लावायचं ठरवलं, आणि आई-बाबांचे फोटो शोधून काढायची कामगिरी माझ्यावर सोपवली. मी म्हटलं, यांच्या घरी फोटोंना काय तोटा! लग्नातले मिळाले, बारशाचे मिळाले, ८७ सालच्या अष्टविनायक यात्रेतले मिळाले. सगळे रोलच्या जमान्यातले. मग गेल्या चार वर्षांतले काढायला अण्णांच्या दोन हार्ड डिस्क उघडल्या. ६१ हजार फोटो. ‘भिगवण’ या नावाचे १७ फोल्डर. ‘चंद्र’, ‘चंद्र अंतिम’, ‘चंद्र अंतिम खरा’. जास्वंदीला स्वतंत्र फोल्डर. खंड्याच्या एका जोडप्याचे इतके फोटो, की त्यांच्या लग्नाचा वाढदिवस सहज साजरा झाला असता.

दोन संध्याकाळी घालवून मला ताई ११ फोटोंत सापडल्या. तीनांत नुसतं कोपर होतं. चारांत सावली. एकात ट्रायपॉडचा पाय धरलेला हात, तो मी बांगडीवरून ओळखला. दोनांत त्या मागे होत्या, म्हणजे बोके झाल्या होत्या. चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो एकच होता आणि त्या फाईलचं नाव होतं ‘फोकस टेस्ट’. अण्णा स्वतः कुठेच नव्हते. त्यांचा अलीकडचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. तो लावला असता तर पाहुणे वाढदिवसाऐवजी सांत्वनाला आल्यासारखे वागले असते.

शेवटी माझ्या बायकोने ताईंचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात भिगवणच्या नावाड्याने काढलेला फोटो निघाला. तोच पडद्यावर लागला. पाणी डावीकडे कललेलं, म्हणजे आणखी थोडा वेळ गेला असता तर उजनी सोलापूरकडे सांडली असती. एका कोपऱ्यात नावाड्याचं बोट. आकाश पांढरं फटक, त्यात एकही पक्षी नाही. अण्णांचा एक डोळा उन्हाने मिटलेला. आणि शेजारी ताई, डोक्याला स्कार्फ, हातात लेन्सचं झाकण, रडी शेलडक आठवून हसताहेत.

हॉल क्षणभर शांत झाला. मग सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “यात बोके नाहीत हो जावईबापू. पण माझी लेक दिसतेय.”

अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता होरायझनबद्दल बोलतील. ते एवढंच म्हणाले, “लाईट काही इतका हार्श नव्हता.”

वाचकहो, तुमच्याही घरात एखादे अण्णा असतीलच, कदाचित ते तुम्हीच असाल. फ्लेमिंगो पुढच्या थंडीतही येतील. चंद्र दर महिन्याला येतो, तोही तीच बाजू दाखवत. पुढच्या सहलीला शेजारी जो कुणी झाकण धरून उभा असेल, त्याचा एक फोटो काढा आणि तो छापून घरात लावा. बाकीचे ४५९ खुशाल ग्रुपवर टाका. आम्ही अंगठा देतो. न उघडता देतो, पण देतो.